कावळ्याला दिलेला शब्द

मामंजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या घरात अजून तुमचंच चालतं. मेलेल्या माणसाचं एवढं चालू नये. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मला पत्रं लिहायची सवय नाही, आणि सासऱ्याला तर सून तोंडावर बोलत नाही, लिहिणार काय. पण आज शाळेच्या किचनमधून लवकर सुटले. सासूबाई, आमच्या आत्याबाई, खुर्चीत पेंगताहेत. तुमचा मुलगा माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घर शांत आहे. तेवढ्यात लिहून घेते. कागद तुमचाच आहे. शेडमध्ये तुमच्या पार्टीची पत्रकं अजून गठ्ठ्यानं पडलीत, एका अंगाला कोरी. पुढच्या अंगावर हसणारा तो माणूस निवडणूक हरला होता, आता मेलाही असेल.

मी लग्न होऊन कॉव्हेंट्रीला आले तेव्हा तुमची मोटारींची फॅक्टरी बंद पडून तुम्ही पेपरचं दुकान टाकलं होतं. सगळी गल्ली त्या फॅक्टरीच्या नावानं रडायची, सरकारनं वाचवायला हवी होती म्हणायची. तुम्ही नाही. तुम्ही गल्ल्यामागे उभं राहून गिऱ्हाइकाला सांगायचात, सरकारचं काम रस्ते, पोलीस आणि लष्कर, बाकी ज्याचं त्यानं बघावं. मला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, तरी ते वाक्य पाठ झालं, इतकं ते माझ्या कानावर पडलं. ज्याचं त्यानं बघावं. आणि तुमचं कोण बघत होतं? सकाळचा चहा, दुकानात पाठवायचा डबा, अंघोळीचं पाणी गरम आहे की नाही, बनियन उन्हात वाळलं की रेडिएटरवर. रेडिएटरवर वाळलेलं तुम्हाला टोचायचं. या देशात ऊन मी कुठून आणायचं, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

सगळ्या जन्मात तुम्ही मला एक वस्तू दिलीत. बूट. आतून लोकर लावलेले. मला वाटलं होतं, पोटुशी सून, पहिलाच हिवाळा, म्हाताऱ्याला दया आली. दुसऱ्या दिवशी कळलं, पत्रकं वाटायला दिलेत. साडीवर कोट, कोटावर तुमची निळी रिबन, पोट पुढे, आणि मी दारोदार. इथल्या दारांना पत्रं टाकायची फट असते, तिला आतून ब्रश असतो, बोटं सोलून निघतात, आणि ब्रशापलीकडे कुत्रं. तुम्ही रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून ओरडायचात, "पूर्ण आत ढकल! अर्धं बाहेर राहिलं की लोक वाचत नाहीत." पूर्ण आत ढकललेलं तरी कोण वाचत होतं? बूट मात्र चांगले निघाले. अजून कचऱ्याचं बिन बाहेर काढायला तेच घालते. खोटं कशाला बोलू.

मला पार्टीचं सभासदही केलंत, न विचारता. घरातली मतं वाढली पाहिजेत म्हणून. लीडर निवडायचा असला की माझ्या नावानं पाकीट यायचं. तुम्ही टेबलाशी बसून तुमची फुली मारायचात, मग त्याच पेनानं माझी, आणि पाकीट मला द्यायचात चिकटवायला. मी जीभ फिरवायची. माझं मत म्हणजे माझी थुंकी, एवढाच माझा भाग.

मग तुमचं अर्धं अंग गेलं. पुढच्या खोलीत पलंग आला. हॉस्पिटलवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, सरकारी कौन्सिलच्या बायका येतील, अंघोळ घालतील, कूस बदलतील. पहिल्याच दिवशी एक आली, धिप्पाड, हसरी, बाही सरसावून. तुमची जीभ वळत नव्हती तरी तिला हाकललंत. या घरात सरकारचं माणूस नको. आणि त्याच आठवड्यात तुमचे पार्टीतले गोरे म्हातारे भेटायला आले, चांगले कोट घालून, तिघंही गुडघे जुळवून सोफ्यावर. तुम्ही वाकड्या तोंडानं त्यांना सांगितलंत, "मला सरकार कशाला हवं? माझी सून आहे." त्यातल्या एकानं मान डोलावली, "मार्व्हलस! असंच व्हायला हवं सगळीकडे." मी तेव्हा दारात उभी होते, हातात तुमचं भांडं, झाकण लावलेलं. मार्व्हलस म्हणाला तो, आणि माझ्याकडे बघून हसला, आणि मग भांड्याकडे बघून हसायचा थांबला. मामंजी, तुम्ही आयुष्यभर ज्याच्यासाठी भांडलात ना, ते छोटं सरकार, ते मीच होते. पाच फुटाला थोडी कमी.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नाही. वन्संनी सगळ्यांना सांगितलं, हिच्या डोळ्यांत पाणी नाही. पाणी कुठून येणार? मी झोपले होते. बसल्या जागी, लोकांसमोर, तुमच्या फोटोच्या शेजारी.

आता ऐका काय झालंय. आत्याबाईंचं डोकं गेलंय. त्या तुम्हाला शोधतात, जिन्यात उभ्या राहतात. मागच्या महिन्यात पडल्या. माझा खांदा तुम्हाला उचलून उचलून कधीचा निकामी झालाय, मी त्यांना एकटीनं उठवू शकले नाही. शेजारीण आली तेव्हा त्या जमिनीवरून उठल्या. डॉक्टरांच्या नर्सनं कौन्सिलला कळवलं. कौन्सिलची बाई आली, तर तुमचा मुलगा दारातूनच म्हणाला, "वी मॅनेज." दार लावून मला म्हणतो, "तू शाळेचा जॉब सोडून दे ना. वाटाण्याचे चमचे वाढायचे, त्यात काय आहे?" काय आहे ते मी त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. तिथे दोनशे पोरं मला मिस म्हणतात, आणि साडेबाराला ताट पुढे करताना थँक यू म्हणतात. या घरात हा शब्द मी फक्त तुमच्या टीव्हीवर ऐकला.

आणि यातच तुमचं श्राद्ध आलं, आणि तुमच्या पार्टीत परत लीडर निवडायची वेळ आली. उरलेत दोन. एक टकल्या, तो म्हणतो आधी टॅक्स कापा, सरकारनं लोकांच्या आयुष्यातून बाहेर पडावं. दुसरा लांब मानेचा, तो म्हणतो कारखाने बुडायला लागले तर सरकारनं हात द्यावा, नाहीतर मतं कोण देणार. तुमचा मुलगा टकल्याचा. वन्सं लंडनच्या पिनरहून आल्या त्याच मुळी लांब मानेचं बोलत. मी उडदाचे वडे तळतेय, गवारीची भाजी, खीर, कढी, आणि पाठीमागे या दोघांचं चाललंय.

"बाबांची फॅक्टरी कशी गेली, विसरलास? कुणी हेल्प केली नाही."

"फॅक्टरी गेली म्हणून तर शॉप झाला, ताई! गव्हर्नमेंटनी वाचवलं असतं तर बाबा अजून कोणाच्या तरी हाताखाली राहिले असते."

"बाबा अजून राहिलेच नसते, ते नव्वदच्या वर असते."

"पॉइंट तो नाही आहे."

मी वडा उलटताना म्हटलं, "लॉकडाउनात घरी बसवून सरकारनं पगार दिला, तेव्हा सरकार कडू लागलं नाही ते?"

"ते वेगळं होतं," दोघं एकदम म्हणाले. बहीणभावांचं त्या दिवशीचं पहिलं एकमत.

गॅरेजच्या सपाट छपरावर तुमचं पान ठेवलं. कावळा समोरच्या घराच्या धुराड्यावर बसलेला, काळा, लठ्ठ, इथल्या कावळ्यासारखा. येईना. दोन काळेपांढरे मॅगपाय आले, त्यांना तुमच्या मुलानं पेपरची गुंडाळी करून हाकललं. मग सीगल आला. त्याच्यावर वन्सं धावून गेल्या, चांगल्या कांजीवरममध्ये. आमच्या गावाला कावळा शिवला नाही की मेलेल्याची राहिलेली इच्छा बोलतात, पोरीचं लग्न करतो, बांधाचं भांडण मिटवतो. त्या शब्दावर कावळा येतो. हे मीच यांना शिकवलं, माझीच चूक. तुमच्या मुलानं फ्लीसच्या जाकिटातले हात जोडले, धुराड्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बाबा, टॅक्स कट. आम्ही सगळे त्यालाच व्होट करू. माझा मत, हिचा मत, सगळे."

कावळ्यानं पंख खाजवला.

"बघ! नकोच आहे त्यांना तो!" वन्सं म्हणाल्या, आणि स्वतः पुढे झाल्या. "बाबा, दुसऱ्याला. प्रॉमिस. जावईपण."

कावळा धुराड्यावरून उठला आणि एरियलवर बसला. "हलला, हलला!" "लांब गेला, ताई! लांब!" "लांब नाही, बाजूला!" शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकं काढून बघतोय. त्याला काय सांगणार, आमचे सासरे मतदान करताहेत म्हणून?

मी आत. वडे निवताहेत. आत्याबाईंच्या पोटात सकाळपासून एक कप चहा. त्यांना भूक लागली की त्या लहान पोरासारख्या रडतात, आवाज न करता, नुसतं तोंड उघडून. "ते जेवले का?" मला विचारतात. नाही, आत्याबाई, ते अजून ठरवताहेत. तुमच्या पानाला चोच लागल्याशिवाय घरात घास फिरत नाही, हाही तुमचाच नियम, तुम्ही तुमच्या वडलांच्या श्राद्धाला लावलेला. बाहेर तुमची दोन शिकलेली पोरं पक्ष्याला टॅक्स समजावून सांगताहेत. आणि मग एकदम कावळा आला. सरळ आला, वडा उचलला आणि गेला. बाहेर जल्लोष. दोघंही म्हणतात, माझ्या शब्दावर आला. जेवतानाही तेच. तुमची राहिलेली इच्छा आईबद्दलची असेल, असं कुणाला वाटलं नाही. त्यांच्या मते तुमचा जीव अडकला होता तो टॅक्समध्ये. जेवून झाल्यावर हात धुताना वन्सं मला म्हणाल्या, "आईसाठी बाहेरची माणसं नको हं घरात. बाबांना आवडलं नसतं." तुमचा मुलगा म्हणाला, "एक्झॅक्टली." हे दुसरं एकमत. देशाचं काय करायचं ते दोघांना ठरवता येईना, माझं काय करायचं ते दोघांचं ठरलेलं.

काल कौन्सिलची बाई परत आली. तिला परतवायला तुमचा मुलगा मुद्दाम घरी थांबला होता, पण मी बिन आत घेत होते, दारात मीच भेटले. आत आणलं. ती आत्याबाईंसमोर जमिनीवर बसली, त्यांचा हात हातात घेतला. बरी होती. तुमच्या मुलाला विचारलं, आईंचं सगळं कोण बघतं? तो म्हणाला, "माय वाइफ." छाती पुढे काढून. तुमचीच ती सोफ्यासमोरची छाती.

मी म्हटलं, "नोबडी."

"काय बोलतेस तू?"

"मी कामाला जाते. नोबडी. माझं मत तुम्ही द्या, बोलायचं मी बोलते."

ती बाई एकदा त्याच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. मग तिनं आत्याबाईंना विचारलं, ही कोण आहे ओळखता का? माझ्याकडे बोट करून. आत्याबाईंनी मला नीट न्याहाळलं, पायातल्या बुटांपासून वरपर्यंत, आणि मराठीत म्हणाल्या, "ही होय? ही कामाची बाई. चोर नाही, पण बोलते फार."

बाई तुमच्या मुलाकडे वळली, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "डॉटर-इन-लॉ." मी म्हटलं, "नाही. त्या म्हणाल्या, सर्व्हंट." आणि मला रडू वगैरे आलं नाही, मामंजी, तुम्ही खूश होऊ नका. मला हसू आलं. इतक्या वर्षांत या घरात माझ्याबद्दल पहिल्यांदा कुणी खरं बोललं, आणि ते बोलायला त्या माउलीचं डोकं जावं लागलं. तुमचा मुलगा पांढरा पडला.

सोमवारपासून दोन वेळा माणूस येणार. सकाळी अंघोळीला आणि संध्याकाळी. सरकारचं माणूस, तुमच्या पुढच्या खोलीत, तुमच्या फोटोखाली. तुमचा मुलगा म्हणतो, बाबांना दिलेला शब्द मोडला तू. मी म्हटलं, शब्द तुम्ही दिलात, टकल्याचा. जा आणि पाळा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पुढच्या खेपेला निळ्या झाकणाच्या, कागदाच्या बिनची पाळी आहे, त्यात जाईल, हसणाऱ्या उमेदवारासकट.

एक मात्र कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी ती दोघं बाहेर ओरडत होती तेव्हा मी किचनच्या खिडकीत होते, हातात झारा. आत्याबाईंचं ते उघडं तोंड बघवेना. मी काचेतून त्या कावळ्याला म्हटलं, बरं बाबा, बघते मी म्हातारीचं, मरेपर्यंत बघते, शिव एकदाचा. तेव्हा तो उठला. माझ्या शब्दावर आला, त्यांच्या नाही. तुम्हाला ते ठाऊक असेल. शब्द दिला, तुमच्याकडून हवं ते मिळालं, आणि चार दिवसांत फिरवला. तुमच्या पार्टीत इतकी वर्षं सभासद आहे, एवढं तरी शिकणारच ना मी.