पीरसाबचा अभिप्राय

सोलापूर, शनिवार

प्रिय पीरसाब,

हे पत्र झीनत तुला वाचून दाखवेल. पोरी, मधलं काही गाळू नकोस. तुझ्या बापाचं मी काय केलं, ते त्याला सगळं कळू दे.

एकवीस वर्षं आपण एका संस्थेत. मी टेबलावर, तू मागच्या व्हरांड्यात, वेत भिजवलेल्या बादलीशेजारी. डोळ्यांनी दिसत नसताना तुझी बोटं कशी चालायची! साहेबापासून शिपायापर्यंत सगळे तू विणलेल्या खुर्च्यांत, आणि तू आपला जमिनीवर. त्यावरून मी तुला लई चिडवायचो.

पुण्याच्या ऑफिस-फर्निचरच्या प्रदर्शनाला साहेबांनी तुला न्यायला सांगितलं, तेव्हा तू नव्या पेठेतून नवा शर्ट आणलास. मीटिंग हॉलसाठी चार-दोन खुर्च्या घ्यायच्या असतील, असं तुला वाटलं. मी वाटू दिलं. वेताच्या सगळ्याच खुर्च्या भंगारात जाणार आणि तुझं काम सुटणार, हे माझ्या पिशवीतल्या फायलीत होतं; तुझी पसंती तेवढी जोडायची होती. कुर्डुवाडीला तू मला भजी खाऊ घातलीस, ती मी पिशवी मांडीवर धरून खाल्ली. थू माझ्या जिनगानीवर!

केवढं ते प्रदर्शन! बटणावर वर-खाली होणारी टेबलं, गुळगुळीत बोलणारी पोरं. तू मात्र एकेक खुर्ची उलटी करायला लावून चाचपत होतास. जाळीच्या एका खुर्चीत बसलास तो उठेचनास. वेत ओवायची भोकं कुठं म्हणून कडा शोधत राहिलास. हिला विणावं लागतच नाही म्हटल्यावर हसलास, आणि म्हणालास की वेत उन्हाळ्यात तुटतो, बायकांच्या साड्या अडकतात, ही लई बरी, हीच घ्या. अरे, एकदा तरी खोटं बोलायचं होतंस की! पण खुर्चीबाबत तुला ते जमत नाही.

परत आल्यावर मी फायलीत लिहिलं, की आमच्या कारागिराने स्वतः पाहून जाळीची खुर्ची पसंत केली आहे, सबब विणकामाची गरज उरत नाही. शेवटचं तू बोललाच नव्हतास. ते माझं. त्याखाली तुझा अंगठा घेतला, प्रवासखर्चाचा कागद आहे असं सांगून. तू विचारलंही नाहीस. तेव्हापासून मी तुझ्याकडं चहाला आलो नाही.

एक तारखेपासून तुझं काम बंद. सोमवारी साहेब बोलावतील आणि तुझाच अंगठा तुझ्यापुढं ठेवतील. माफी मागायला मी काल तुझ्या दारापर्यंत येऊन परत फिरलो. तोंडचं बोलणं ऑफिसात टिकत नाही, हे हेडक्लार्कला कुणी सांगायला नको. म्हणून लिहून देतोय. झीनत, याची झेरॉक्स काढ, मूळ कागद स्वतःकडं ठेव आणि वकील गाठ. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा आणि सही आहे. माझी नोकरी गेली तर जाऊ दे. मला वाचवायला तुझा बाप हा कागद फाडून टाक म्हणेल. त्याचं ऐकू नकोस.

तुझाच,
रेवणप्पा मल्लप्पा बिराजदार
हेडक्लार्क