आत एकीलाच सोडतात

१२ नोव्हें.
तेलीबांध्याच्या नर्सिंग होमला जाऊन आले. लेबर रूममध्ये सोबत एकच बाई. नाव आताच द्या म्हणाले. आई की किरण? मी किरणचं दिलं. ती डूला, बाळंतपणात सोबत करते, कोर्स केलेला. महिनाभर घरी येऊन श्वास, चालणं शिकवते आहे. ‘दीदी, आपको कोई ज़बरदस्ती लिटाएगा नहीं. मैं बोलूँगी ना.’ या एका वाक्यासाठी.
आईला सांगितलं. भाजी निवडत होती. ‘मले काय, मी बाहेर बसतो.’ हसली. मग निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला लागली.

१९ नोव्हें.
मुलगी. दोघी ठीक. टाके दुखतात. लिहवत नाही.

२२ नोव्हें.
कळा वाढल्या तेव्हा पलंग धरून उभी होते. उभं राहून सोसवत होतं. किरण कंबर दाबत होती. हात चांगले तिचे. डॉ. आल्या. ‘ये क्या चल रहा है? लिटाओ इसको.’ मी किरणकडे पाहिलं.
‘हव मॅडम,’ ती डॉक्टरांना म्हणाली. मग मला, ‘लेट जाओ दीदी.’ माझा पाय तिनेच उचलून वर घेतला.
पुढचं सगळं पाठीवर. तिने हात सोडला नाही, हे खरं. मलाच तो नकोसा झाला होता.

३० नोव्हें.
किरण आली. बाळाला तेल लावलं. विचारलंच, का नाही बोललीस?
‘वहाँ मुँह खोलती तो अगली बार गेट से ही वापस. घुसने ही कितने देते हैं, दीदी?’
मग आधी का नाही सांगितलंस?
‘बताती तो आप रखतीं मुझे?’
नसती ठेवली.
आईने चहा दिला, बिस्किटं जास्तच. ती गेल्यावर म्हणाली, ‘पोट्टीच आहे बिचारी. मी असती तं भांडली असती.’
तू? डॉक्टरशी?
‘नाही तं रडली असती. आणखी काय.’

८ डिसें.
पल्लवीचा फोन, भिलाईहून. धाकटी माझी, सातवा लागलाय. बाळंतपणाला इथेच, त्याच नर्सिंग होममध्ये. ‘ताई, नाम देना है. किरण का दूँ या आई का?’ ही हिंदीतच बोलते. स्पीकर चालू. आई समोर लंगोटांच्या घड्या घालत होती. वर पाहिलं नाही.
‘बोल ना.’
म्हटलं, तुला तिथे काय हवंय? हात धरणारं, की बोलणारं?
‘दोनों,’ ती लगेच म्हणाली.