हिराबायचा वानोळा

४ मार्च १९५७, सोम.
धर्मा कोळी दवाखान्यात आला. बोटीवरचा खलाशी. क्षयासाठी विलायतेच्या इस्पितळात सहा महिने काढून परतलाय. सोबत दोन महिन्यांच्या गोळ्यांची बाटली आणि तिथल्या एका बाईंचं इंग्रजी पत्र. त्या बाई रोग्याच्या घरादाराचं बघतात, आणि त्याचा पगार घेतात! विचारलंय, निजायला वेगळी जागा आहे का, दूध मिळतं का, घर कोण चालवतं. गोळ्या एक दिवसही चुकवू नका, नाहीतर रोग उलटेल, मग हे औषधही लागू पडणार नाही. संपण्याआधी कळवा, पुढच्या पाठवू.
डॉ. म्हणाले, "नर्सबाई, फाइलला लावा. घरचं बघणं आपलं काम नव्हे."
मग कोणाचं? म्हणे अलिबागचं दुसरं खातं. गेल्या वर्षी एका रोग्यासाठी मी त्याच खात्यात गेले होते, तर कारकून म्हणाला, रोगी आहे ना, मग दवाखान्यात न्या. वा रे वा! माणूस एक, त्याची छाती एका खात्यात नि चूल दुसऱ्यात.
पत्र फाइलला लावलं नाही. पिशवीत घातलं.

९ मार्च, शनि.
बंदरातून होडीने धर्माच्या गावी. बाटली बघते तर निम्मी रिकामी. पाच दिवसांत! विचारलं तर त्याची आई हिराबाय हसून म्हणते, "वानोला धाडला गो बाय. विलायतेशी आलंय, आमी एकट्यांनीच कसा खावाचा? ज्याच्या घरान खोकतान, त्याला धाडला."
डोकंच फिरलं माझं. नको ते बोलले. लेकाच्या जिवाचा वाटा वाटलास म्हणाले. धर्मा म्हणाला, "आयशीला बोलू नुको बाय. पयल्या पापलेटाचा वाटा पन ती आदी शेजारी धाडते."
मग तिलाच घेऊन घरोघर हिंडले. बहुतेकांनी गिळून टाकलेल्या. एका घरी गोळी देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावून! भांडायला गेले होते, पण प्रत्येक ओटीवर तोच कोरडा खोकला ऐकला. पाच घरं. जे आम्हाला जमलं नाही, ते या बाईने न शिकता करून ठेवलंय. खोकणारं घर न् घर तिला ठाऊक.
रडू आलं. माझ्या जिभेला हाड नाही.

१० मार्च, रवि.
विलायतेच्या बाईंना पत्र लिहिलं, सगळं खरं खरं. गोळ्या का लवकर संपणार तेही. 'तुमचं काम आमच्याकडे हिराबाय फुकट करते, फक्त जरा चुकीचं करते.' इंग्रजीची पार वाट लागली असेल. लागो.

२२ मार्च, शुक्र.
मोठ्या साहेबांचा मेमो. परवानगीवाचून परदेशी पत्रव्यवहार केला, खुलासा द्या, नाहीतर बदली. कोणी चहाडी केली कोण जाणे.
डॉ. म्हणाले, "माफी मागा, सुटाल."
"कशाची माफी? चोरी केलीय का मी?"
दुपारी मात्र डॉ. त्या पाच घरांतून मी आणलेली थुंकी स्वतः तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "दोघांत जंतू आहेत. तुमच्या त्या म्हातारीला बोलवा."

३० मार्च, शनि.
हिराबाय आली. आता धर्माची गोळी स्वतःच्या हाताने देते, तोंड उघडायला लावून बघते. ते दोघे रोगी तिनेच हाताला धरून आणले. जाताना सोड्यांची, सुक्या कोळंबीची पुडी दिली.
"ही त्या विलायतेच्या बायला धाड. ती पन कुनाची आयच आसंल."
"अगं, पोस्टात वास सुटेल!"
"सुटूंदे. तिला कललं पायजे ना कुनी धाडलंय."
त्या शनिवारी तिला केलेलं बोलणं मनातून जात नाही, पण तिने ते कधीच सोडून दिलंय.

१ एप्रिल, सोम.
खुलासा दिला. एवढाच: पत्र लिहिले. उत्तर येईपर्यंत लिहीत राहीन.
सोड्यांचं पुडकं तिहेरी मेणकापडात शिवून पोस्टात नेलं. पोस्टमास्तरांनी नाक मुरडलं, पण घेतलं. माझ्या नावाचं काही आलंय का विचारलं. नाही म्हणाले.
धर्माच्या गोळ्या शुक्रवारपर्यंत आहेत.