हिचा तो एक लेख

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.
हिला जाऊन सात महिने झाले. काल लेकीचा फोन. आईचा एक लेख कुठल्याशा मासिकात छापून आला होता, तो तुमच्याकडे आहे ना, सोळा तारखेला येते तेव्हा वाचू म्हणाली. म्हटलं, म्हणजे काय, मला तर पाठ आहे. कपाट पाहिलं. नाही. हरकत नाही. विद्यापीठाच्या लायब्ररीत अर्ध्या तासाचं काम. येताना दूध आणणे.

४ नोव्हेंबर, मंगळवार.
अर्ध्या तासाचे चार तास झाले. कॅटलॉगमध्ये हिचं नाव टाकलं. शून्य. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, काका, यात पुस्तकांची आणि मासिकांची नावं असतात, आतले लेख नसतात. लेखांची सूची वेगळी, पलीकडच्या कॉम्प्युटरवर. हे मला माहीत होतं. खात्री करत होतो. वर्ष कोणतं? म्हटलं, लग्नानंतरचं. विषय? म्हटलं, शिक्षण. शाळेत शिकवायची, दुसरं कशावर लिहिणार. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. बाई चांगल्या, पण चौकशा फार.
दूध राहिलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
सूचीतही शून्य. आमच्या आडनावाचे अकरा जण निघाले, त्यांत एक दंतवैद्य आणि एक धरणांचा तज्ज्ञ. ही नाही. सॉफ्टवेअर भिकार आहे. लेखी तक्रार करणार. मसुदा उत्तम जमलाय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
कॉम्प्युटरचा नाद सोडला. शिक्षणविषयक मासिकांचे बांधीव खंड घेऊन पानन् पान बघणार. रोज दहा खंड.
संध्याकाळी: दोन झाले. दुसऱ्यावर डोळा लागला. उठलो तर शेजारी पाण्याचा ग्लास. बाईंनी ठेवला असावा. ही पण असंच ठेवायची.

१० नोव्हेंबर, सोमवार.
बाईंनी विचारलं, लग्नाआधीच्या नावानं लिहीत असतील का? म्हटलं, शक्यच नाही, आमच्यात लपवाछपवी नव्हती. घरी येऊन मेहुणीला सहज फोन केला. "भाऊजी, ताई कायम माहेरच्याच नावानं लिहायची. तुम्हाला ठाऊक नव्हतं?" म्हटलं, होतं की, तुला आठवतंय का ते बघत होतो. तिनं जेवलात का विचारलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार.
माहेरचं नाव टाकलं. चौदा लेख. शिक्षणावर एकही नाही. सगळे मुंग्यांवर. आमच्या घरात मुंग्यांविषयी कधी बोलणं झाल्याचं आठवत नाही. जरा बाहेर पायरीवर जाऊन बसलो. एसीने डोळ्यांतून पाणी येतं.
लेक म्हणते तो यातला कुठला, कळेना. सगळ्यात जुना घ्यायचं ठरवलं, तर तो अंक इथे नाही. बाईंनी दुसऱ्या विद्यापीठाकडून स्कॅन मागवला. फॉर्मवर 'लेखिकेविषयी असलेली माहिती' असा रकाना होता. बाईंना म्हटलं, तुम्हीच भरा.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
स्कॅन आला. बाईंनी छापून, टाचून दिला. 'स्वयंपाकघरातील मुंग्यांच्या वाटा: तीन वर्षांच्या नोंदी.' स्वयंपाकघर आमचंच. पहिल्या पानावर नकाशा आहे, खिडकी, ओटा, सिंक. हिनं काढलेला.
मग एकदम शेवटचं पान बघितलं, आभाराचं. धाकटी बहीण, शाळेतला लॅब असिस्टंट, शेजारच्या काकू. माझं नाव नाही. पुन्हा पाहिलं. तेव्हा नवऱ्याचे आभार मानायची पद्धत नसावी. मधली पानं मुद्दाम न वाचता ठेवलीत. उद्या लेकीसमोर एकदमच वाचेन, मजा येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार.
लेक आली. वाचायला लागलो. मोठ्यानं, चांगला वाचत होतो. सहाव्या पानावर होतं, 'घरातील एका सदस्याने मुंग्यांची पावडर टाकल्यामुळे नोंदी सात वेळा पहिल्यापासून सुरू कराव्या लागल्या.'
लेक हसली. मीही हसलो. मग मला पुढचं वाचता येईना. कागद तिच्याकडे दिला.
तिनं विचारलं, बाबा, पावडर टाकू नका असं आई तुम्हाला कधी बोलली नाही?
म्हटलं, बोलली असणार. सातही वेळा.