कलमावरचा बर्फ

१५ डिसेंबर, संध्याकाळ

शमिकाला मंडणगडच्या एसटीत बसवून आलो. आता वर्षअखेरपर्यंत ती तिथल्या शाखेचा कारभार बघणार. परत आली की बँकेला कळवायचं, ऑफिसर होऊन कायमची मंडणगडला जाणार की नाही. लवूच्या वेळी तिने हेच प्रमोशन नाकारलं होतं. या वेळीही नाही म्हणाली तर पुन्हा कोणी विचारणार नाही. म्हणून तिला शब्द दिला आहे. तू बिनधास्त जा. घर, तेजस्वी (इयत्ता पहिली), लवू (साडेतीन वर्षं), सगळं माझ्याकडे लागलं. ऑफिसात रजा टाकून मोकळा झालो.

एसटी सुटताना खिडकीतून तिने दोनच सूचना दिल्या. लवूला रात्री केळं देऊ नको. आणि कलमाला हात लावू नको. अंगणातलं हे हापूसचं कलम तेजस्वी झाली त्या वर्षी तिने लावलं. यंदा पहिल्यांदाच मोहरलं आहे. ती त्या मोहराकडे ज्या नजरेने बघते, त्या नजरेने माझ्याकडे लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. मी कशाला हात लावतोय?

शेजारच्या खुर्शीदचाची कुंपणाच्या भिंतीवरून विचारत होत्या, सागर, मी येव काय मदतीला? नको म्हटलं. वयस्कर बाई, उगाच त्रास.

उद्यापासून पहाटे पाच. योगा, मग डबे. बायका या कामाचा फार बाऊ करतात. खरं म्हणजे लागतं फक्त नियोजन.

१६ डिसेंबर

पावणेआठला जाग आली. शाळेची रिक्षा दारात हॉर्न मारत होती. योगा उद्यापासून. तेजस्वीची वेणी घालायचा प्रयत्न केला. वेणी तीन पेडांची असते हे माहीत होतं, पण तिसरा पेड कुठे जातो ते आयत्या वेळी आठवेना. शेवटी रबर लावून टाकलं. ती म्हणाली, हे शेपूट आहे. मी म्हटलं, फॅशन आहे.

डब्यात बिस्किटं. एक दिवस चालतं.

१८ डिसेंबर

चांगली प्रगती. रोज रात्री खिचडी करतो आणि पातेलं चाटून पुसून साफ होतं. पहिल्या दिवशी दोघांनी तोंडं वेडीवाकडी केली होती. आता मी फोनवर बोलून येईपर्यंत सगळं संपलेलं असतं. मुलांना चव लावावी लागते, एवढंच.

चाचींच्या कोंबड्या हल्ली सारख्या आमच्या भिंतीवर येऊन बसतात. मुक्या जिवांना शांत घर बरोबर कळतं.

शमिकाच्या व्हिडिओ कॉलसाठी हॉलमधला एक कोपरा कायम आवरून ठेवायचा असं ठरवलं आहे. मागे सोफा, फुलदाणी, मुलं मांडीवर. तिला बरं वाटतं. बाकीचं घर रविवारी आवरेन.

२० डिसेंबर, दुपार

शाळेचा ख्रिसमसचा कार्यक्रम झाला. झाला म्हणजे थांबला.

तेजस्वीला ख्रिसमस ट्रीचा रोल होता. बाजारात कागदी ड्रेस मिळत होता, पण मी म्हटलं, रत्नागिरीत राहून कागदाची पानं कसली लावायची? आपल्या कलमाला हात लावायचा नाही, म्हणून चाचींना विचारून त्यांच्या रायवळ आंब्याच्या डहाळ्या काढल्या आणि पहाटे (खरोखर पहाटे) उठून जुन्या चादरीवर टाचल्या. एका डहाळीवर पानं एकमेकांना चिकटून छान गोल चेंडू झाला होता. तो शोभेचा वाटला म्हणून मुद्दाम तिच्या टोपीवर बसवला.

तो लाल मुंग्यांचा वाडगा, म्हणजे त्यांचं घरटं, निघाला. हे मला कळायला हवं होतं असं आता सगळेच म्हणतात. मी लहानपणी लांज्याला अर्धं आयुष्य आंब्यावर काढलं आहे, हेही खरं. पण त्या वेळी डोक्यात ख्रिसमस होता.

स्टेजवर आधी झाड नाचू लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग शेजारचे दोन देवदूत नाचू लागले. मग मेरीने बाळ खाली टाकलं आणि पळत जाऊन आपल्या मम्मीला बिलगली. पडदा पाडला.

तेजस्वीच्या मानेवर लाल गांधी आल्या आहेत. घरी येताना रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर, रात्री

शमिकाला सांगितलं, कार्यक्रम एकदम लाइव्हली झाला. खोटं नाही ते.

२२ डिसेंबर

सुट्टी लागली. दोघं दिवसभर घरी. कोपरा लहान करावा लागला आहे. सोफा गेला (लवू, रंग). आता फक्त फुलदाणी आणि तिच्यामागची भिंत.

कपडे उद्या धुणार. लवू सकाळपासून माझा बनियन घालून फिरतो आहे. त्याला आवडतो.

२३ डिसेंबर

फुलदाणी गेली.

२४ डिसेंबर, दुपारी १२

तेजस्वी आज बोलली. शाळेतल्या सगळ्यांच्या घरी ट्री आहे, स्नो आहे, आपल्याकडे दिवाळीचाच कंदील आहे. (आहे खरा. अजून उतरवला नाही. चांदणीच्या आकाराचा आहे, म्हणजे चालायला हरकत नाही.) तिचं झाड माझ्यामुळे गेलं. तेव्हा घरी खरं झाड उभं करून द्यायचं, हा माझा निर्णय.

किनाऱ्यावरून सुरूची फांदी आणायला निघालो होतो. पण सुट्टीमुळे मुंबईच्या गाड्यांची रांग लागली आहे, लवू स्कूटरवर झोपतो, आणि घरच्या अंगणात सुबक, डेरेदार झाड आयतं उभं आहे. शमिका म्हणाली होती, हात लावू नको. मी फक्त माळ लावणार आहे.

२४ डिसेंबर, रात्री ९

आयुष्यातला एक यशस्वी दिवस.

दिव्यांच्या माळांनी कलम झळाळून उठलं. तरी तेजस्वी म्हणाली, स्नो? मला एकदम सुचलं. धुण्याची पावडर बादलीत कालवली, मिक्सरमधून फेस काढला, फवारणीचा पंप भरला आणि मारला. काय बर्फ पडला! अख्खं झाड पांढरं. मुलं खाली नाचत होती, डोक्यावर फेस, नाकावर फेस. शिवाय साबणाच्या पाण्याने मोहरावरचे तुडतुडे मरतात, हे कोकणात कोणालाही विचारा. म्हणजे एकात दोन कामं. पावडर अंदाजाने टाकली. जरा सढळ हाताने.

चाची भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, काय रे, झाड धुतलंस काय? जुन्या वळणाची माणसं.

शमिकाचा फोन आला तेव्हा पहिल्यांदाच कोपरा सोडून कॅमेरा अंगणात फिरवला. ती हसत होती. इतक्या दिवसांत प्रथमच. मग म्हणाली, सागर, हे कुठलं झाड रे? तेवढ्यात नेटवर्क गेलं. मी घालवलं.

२५ डिसेंबर

सांताचा ड्रेस बाजारात फक्त पोरांच्या मापाचा उरला होता. शमिकाचा लाल गाऊन, कमरेला पट्टा, कापसाची दाढी. पाठीवर उशीच्या अभ्र्यात खाऊ, मोठं गिफ्ट दाराबाहेर. दारातून हो हो हो करत आत आलो आणि लवूने किंकाळी फोडली ती अर्धा तास थांबली नाही. कडेवर घेतला तर चावला.

तेजस्वीने सांताच्या पायांकडे बघितलं. चपला माझ्याच होत्या. तरी ती शहाण्यासारखी पुढे आली, हात मिळवला आणि म्हणाली, सांता, बाबाला वेणी घालायला शिकव.

मी सायकल आणली होती.

२७ डिसेंबर, सकाळ

मोहर काळा पडतो आहे.

धुकं. दुसरं काही नाही. हवामानच बदललं आहे, सगळ्या कोकणात हीच रड असणार. चाचींच्या आंब्याचा मोहर मात्र पिवळाधमक आहे. त्या झाडाला अजून कळलं नसावं.

२७ डिसेंबर, दुपार

हात लावून बघितला. हाताला लागून खाली आला. अख्खा तुरा.

लवूला खोकला झाला आहे. ओल्या फेसात तासभर नाचल्यावर होणारच असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, थंडीमुळे. त्यांनी माझ्या बनियनमधल्या लवूकडे बघितलं आणि औषध लिहायला घेतलं.

२८ डिसेंबर

लवू दुपारभर आई आई करत होता. गोष्ट सांगितली, घोडा झालो, सायकलवर बसवला. त्याने माझ्याकडे पाठ फिरवली आणि शमिकाची ओढणी तोंडावर घेऊन रडला. हळूच रडतो तो आता. मोठ्याने रडायचा तेव्हा इतकं लागत नव्हतं.

बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. थोडा वेळ. तेजस्वीने दार वाजवून सांगितलं, बाबा, पाणी वाया जातंय.

हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहून टाकतो. मला जमत नाही. भात जमत नाही, झोपवणं जमत नाही, खोकला आला की घाबरतो. तिचा पहिला मोहर मी जाळला. ती आली की सांगून टाकणार, शमिका, जाऊ नको.

२९ डिसेंबर

पण सांगितलं की ती नाही जाणार. एका शब्दाने थांबेल. हसून म्हणेल, असू दे, मला तरी कुठे जायचं होतं. मागच्या वेळी असंच म्हणाली होती आणि मग बरेच दिवस संध्याकाळी नुसती कलमाला पाणी घालत उभी राहायची. पुन्हा तेच, आणि या वेळी माझ्यामुळे.

नाही सांगितलं तर हे असंच, कायमचं.

फोनवर म्हटलं, सगळं मस्त. कोपरा म्हणून आता देव्हारा वापरतो. ती म्हणाली, हल्ली तू फार देवाजवळ असतोस.

३० डिसेंबर

उपाय सापडला. ती उद्या येणार. तिला आल्या आल्या मोहर दिसला म्हणजे झालं, पुढचं पुढे बघू. चाचींच्या आंब्याचे तुरे मागून आणले आणि काळ्या दोऱ्याने कलमाच्या एकेका फांदीला बांधले. तेजस्वी दोरा तोडून देत होती. लवू खाली पडलेले वेचून देत होता. दुपारभर तिघं एका कामात, एकदाही भांडण नाही. लांबून अगदी खरं वाटतं. तेजस्वीला म्हटलं, आईला सरप्राइज आहे, बोलायचं नाही. ती म्हणाली, बाबा, आईला कळेल. मी म्हटलं, संध्याकाळच्या उजेडात नाही कळणार.

उद्या सकाळी घर आवरायचं. पहाटे पाच.

३१ डिसेंबर, रात्री

एसटी लवकर पोचली. ती दारात आली तेव्हा दुपारचं लख्ख ऊन होतं आणि मी झाडू घेऊन पहिल्याच खोलीत होतो.

ती घरात आलीच नाही. बॅग पायरीवर ठेवली आणि कलमाकडे गेली. तुरे एका रात्रीत माना टाकून लोंबत होते. तिने एक हातात घेतला, दोरा बघितला, गाठ सोडवली. मग दुसरा. लवू पळत जाऊन तिच्या पायाला चिकटला, त्याला कडेवर घेऊन एका हाताने ती गाठी सोडवत राहिली.

मग मी सगळं सांगितलं. मुंग्या, फेस, कोपरा, खोकला. म्हटलं, मला नाही जमलं. तरी तू जा. कसं ते मला माहीत नाही, पण तू जा. तेजस्वी मध्येच म्हणाली, आणि खिचडी कोंबड्यांना घालतो आम्ही, जेवायला चाचीकडे जातो. हे मला नवीन होतं.

शमिकाला नव्हतं. तिला सगळंच माहीत होतं. मुंग्या त्याच दिवशी कळल्या, फेसाचा फोटो रात्रीच पोचला. खुर्शीदचाची रोज रिपोर्ट देत होत्या. मोहर जळल्याचं कळलं तेव्हा रडले, म्हणाली. मग म्हणाली, कधी कधी जानेवारीत पुन्हा मोहर येतो, पण आता खरंच हात लावू नको.

मी विचारलं, मग प्रमोशनचं काय? ती म्हणाली, परवाच होकार कळवला. सोमवारी हजर व्हायचंय, शनिवारी घरी येत जाईन.

सगळं कळूनसुद्धा? म्हणजे कुठेतरी हिचा माझ्यावर भरवसा आहे. तसं विचारलंही. तिने फोन काढून चाचींचा व्हॉइस मेसेज लावला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

तू जा गो बाय, मुळीच फिकीर करू नको. तिन्ही पोरांना मी बगते.

मेसेज दोनदा ऐकला. शमिका आणि तेजस्वी एकमेकींकडे बघून हसत होत्या. आता सगळी झोपली आहेत. आत जाऊन बघून आलो. आमची मुलं दोनच आहेत.