दाजींचा होकार

हालसारी, सोमवार, ९ जानेवारी १९८९

ती. हेल्लेवीताईस,
धाकट्या ताइस्तोचा सा. न. वि. वि.

नाताळाचं पार्सल पोचलं. मोजे उत्तम बसले. सुकवलेला मासा मात्र मी एकट्यानेच संपवला, कारण घरात आणखी कोणी असल्याशिवाय वाटणार कुणाला.

इकडची हालत तू रेडिओवर ऐकतेसच. सलग सात सामने हरलो. तक्त्यात तळाला आहोत आणि मार्चपर्यंत वर सरकलो नाही तर खालच्या गटात ढकलले जाऊ. मग या गावात बर्फावरची हॉकी उरणार नाही आणि मीही. त्यात माझे सहायक प्रशिक्षक पोटाच्या अल्सरने आडवे झाले. मला त्यांचा राग येत नाही, हेवा वाटतो. आमचा एखादा गडी शिक्षा होऊन दोन मिनिटं बाहेर बसला, की गोल खाल्लाच म्हणून समज. पाचाऐवजी चौघांनी गोल कसा राखायचा, हे शिकवणारा माणूस हवा आहे. अध्यक्ष साल्स्टेडसाहेबांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. त्यांच्या मनात कॅनडाहून परतलेले एक गृहस्थ आहेत. माणूस चांगला, फक्त बोलायला लागला की पाणी पिण्यापुरताही थांबत नाही.

माझ्या मनात एकच नाव आहे. ते लिहायला हात धजत नाही. फोन केला असता, पण तो तुमच्या दाराजवळच आणि उचलणार तेच.

मायेत काटकसर नको.
तुझा,
ताइस्तो

सुओलाम्पी, १३ जानेवारी

चि. ताइस्तोस,
हेल्लेवीताईचे अनेक आशीर्वाद.

जे नाव लिहायला तुझा हात धजत नाही, ते बावीस वर्षं माझ्या नावामागे लागलेलं आहे. वेइयो लाम्पेला. बघ, मी लिहिलं, शाईसुद्धा पसरली नाही.

तुला का धजत नाही तेही मला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी ह्यांचा शेवटचा सामना होता. तू नवा कोरा प्रशिक्षक आणि हे कर्णधार. पहिल्याच डावात ह्यांनी स्वतःच्या गोलसमोरून आडवा पास दिला, तो समोरच्याने पळवला आणि गोल झाला. तू ह्यांना बाकाच्या टोकाला बसवलंस ते सामना संपेपर्यंत. बर्फावर जाणाऱ्या पोरांसाठी हे उरलेले दोन्ही डाव बाकाजवळचं दार उघडत बसले. सासूबाई चार तास बस बदलत मुलाला शेवटचं खेळताना बघायला आल्या होत्या. निरोपाचा गुच्छ ह्यांनी घेतला, तो घरी येऊन त्यांच्या हातात दिला आणि त्या दिवसानंतर तुझं नाव काढलं नाही. तूही काढलं नाहीस. दोघंही एकाच मुशीतले, आणि मधे मी.

इथली गिरणी बंद पडून काम गेल्यापासून हे शाळेची राखण करतात, पोरांसाठी मैदानावर पाणी मारून बर्फ करतात. तुमचा सामना रेडिओवर लागला की म्हणतात, उजवीकडचा फार पुढे गेला. ह्यांना न बघता कसं कळतं, देव जाणे. पण गेल्या आठवड्यात तुम्ही हरलात तेव्हा ह्यांनी जेवण अर्धं टाकलं. मला फार वाईट वाटलं.

माझ्यामार्फत निरोप मुळीच धाडू नकोस. मी काही पोस्टमन नाही. शनिवारी हे तळ्यावर बर्फाखालची जाळी काढतात. स्वतः ये.

उबदार राहा, आणि ताईला विसरू नकोस.
हेल्लेवी

हालसारी, सोमवार, २३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोबीचं सूप आणि बिछाना, दोन्हींसाठी आभार. तू मुद्दाम घरात राहिलीस म्हणून तळ्यावर काय झालं ते तुला सांगतो. काहीच झालं नाही.

दाजींनी मला बघून मान हलवली. एका भोकाशी उभे राहून ते जाळं ओढू लागले आणि पलीकडच्या भोकाशी दोर सोडायला मला उभं केलं. चार तास. हवा उणे एकवीस. दोनदा मी घसा साफ केला. तिसऱ्यांदा धीर करून म्हणालो की त्या वेळी मी वयाने लहान होतो. ते म्हणाले, दोर ताण. मी ताणला. नोकरीचा विषय माझ्या ओठांवर आला आणि तिथेच गोठला. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक मोठा मासा गाडीत ठेवला आणि शाळेकडे चालू लागले.

मी काय समजायचं ते समजलो. माणसाला आणखी किती छळायचं? आज सकाळी साल्स्टेडसाहेबांना सांगितलं की कॅनडावाल्यांना बोलवा. शुक्रवारी दुपारी दोनला करारावर सह्या. उद्यापासून आम्ही तीन दिवस पूर्वेकडे सामन्यांना जातो आहोत.

मासा छान होता. घशाखाली उतरला नाही, एवढंच.

आपला लोभ माझ्या करणीवर अवलंबून ठेवू नकोस.
ताइस्तो

सुओलाम्पी, गुरुवार, २६ जानेवारी, सकाळ

चि. ताइस्तो,

आशीर्वाद मागून देईन, आधी कान पकड.

अरे गाढवा, तू काय समजलास? तू गेल्यावर हे घरात आले, हात धुतले आणि मला विचारलं की तपकिरी सूटकेस कुठे आहे. मी विचारलं कशाला. म्हणाले, ताइस्तोकडे जायचंय ना, सगळं ठरलंय. मी म्हटलं, त्याने विचारलं का? तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मलाच वेड लागलंय. म्हणाले, तीनशे किलोमीटर गाडी हाकून माणूस जाळी काढायला येतो का? आणि मी त्याच्या हातात दोर दिला ना?

तो दोर ह्यांनी आपल्या वडलांनंतर कुणाच्या हाती दिलेला नाही. बावीस वर्षांत माझ्याही नाही. हे तुला मी आधी सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, तळ्याकाठी वाढलेल्या माणसाला एवढं कळेल.

आता ऐक. ह्यांनी जाळी शेजाऱ्याला दिली, शाळेच्या किल्ल्या हेडमास्तरांना परत केल्या आणि नाक्यावर जाऊन केस कापून घेतले. सोमवारी सकाळच्या बसने निघणार आहेत. तुझं पत्र काल आलं ते मी पिठाच्या डब्यात लपवलं. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही. या वेळी तू ह्यांना परत पाठवलंस तर हे काही बोलणार नाहीत, मुकाट जाळी मागून घेतील, आणि ते मला बघवणार नाही.

टपाल कचेरीतून तुझ्या कार्यालयात फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, तुम्ही उद्या दुपारी परताल. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे. तो ते मैदानाच्या दारवानाकडे ठेवील. सही थांबव.

ताई

हालसारी, मंगळवार, ३१ जानेवारी

ती. ताईस,
कान पकडून सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारी पावणेदोनला हातात पडलं. खेळाडूंच्या पिशव्या बसमधून उतरवायच्या बाकी होत्या, त्या तशाच सोडून मी जिने चढलो. साल्स्टेडसाहेब पेनाचं टोपण काढून बसले होते. सगळी हकीकत सांगावी लागली, माशासकट. त्यांनी विचारलं की या लाम्पेलांनी हो म्हटलं का. मी म्हणालो, हो, आणि मला ते सहा दिवसांनी ऐकू आलं. त्यांनी टोपण पेनाला परत लावलं. मग म्हणाले की त्यांच्या वडलांनीही त्यांना आपली गिरणी अशीच, शब्दाने न सांगता दिली होती.

कॅनडावाले मोठ्या मनाचे निघाले. पोट धरून हसले, तिकडे असं कधीच झालं नसतं म्हणाले, आणि आमच्या कुमार संघाचं काम घेतलं. पोरं खूश आहेत, कोणी तरी त्यांच्याशी बोलतं.

काल मी स्टँडवर अर्धा तास आधीच जाऊन उभा होतो. दाजी उतरले, सूटकेस माझ्या हातात दिली आणि विचारलं की उजवीकडचा कोण आहे. त्यांना बघून माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. रात्री इतका गाढ झोपलो की गजर ऐकू आला नाही. पत्र पिठातून काढून जाळून टाक.

माया आहे तशीच दाट ठेव.
ताइस्तो

हालसारी, सोमवार, १३ मार्च

प्रिय हेल्लेवीस,
वेइयोचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, पण हे फोनवर सांगता येणार नाही.

राहिलो. काल शेवटचा सामना ४–३ जिंकलो. खालचा गट टळला. चार वेळा आमचा गडी शिक्षेवर गेला, तेवढ्या वेळात एकदाही गोल खाल्ला नाही. साल्स्टेडसाहेब रडले. मला पुढच्या वर्षीही ठेवतायत.

पण मला दुसरंच सांगायचंय. पहिल्या डावात आमच्या रिस्तोने स्वतःच्या गोलसमोरून आडवा पास दिला. गोल झाला. रिस्तो बाकावर आला, हेल्मेट काढलं आणि स्वतःच टोकाला जाऊन बसला. ताइस्तो त्याच्याकडे चालत गेला. मी दुसरीकडे बघायला लागलो. मला बघायचं नव्हतं.

तो त्याच्यासमोर वाकून म्हणाला की हेल्मेट घाल, पुढची पाळी तुझीच आहे. रिस्तो गेला. विजयाच्या गोलचा पास त्यानेच दिला.

नंतर आमच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. ताइस्तो कॉफी ओतत होता. कपाकडे बघतच म्हणाला की दाजी, त्या दिवशी मी चुकलो, आणि तुमच्या आईसमोर चुकलो. कप भरून वाहत होता तरी ओतत होता. मी म्हणालो, हो, चुकलास. मग फडकं आणून टेबल पुसलं.

आता मला बरं वाटतंय. फार बरं वाटतंय. किती ते तुला लिहून सांगता येत नाही. शनिवारी घरी येतो. ताइस्तोला बरोबर आणतोय, त्याला माझ्या आईच्या थडग्यावर यायचंय. त्याने स्वतः विचारलं, शब्दांत.

तुझा,
वेइयो