कारणाचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

आज सरिता सिस्टरने मला झापलं. बरोबरच होतं तिचं.

वॉर्डात दोन विश्वनाथ आहेत. काशीत असणारच. सकाळी एकाचं इंजेक्शन ती दुसऱ्याला द्यायला निघाली. म्हातारा ओरडला, "हमार सूई त हो गयल!" म्हणून निभावलं. हल्ली अशी चूक फॉर्मवर लिहून पेटीत टाकायची असते. तिने टाकली, सहीसकट. पेटी उघडायचं काम माझं. मी तो फॉर्म खिशात घातला. तिला कोणी बोललं असतं तर माझं डोकं फिरलं असतं. माझं कॉलेजही असंच एका भांडणात सुटलं ना?

दुपारच्या मीटिंगमध्ये फॉर्म निघालाच नाही. तिने मला जिन्यात गाठलं.

"मेरा फॉर्म कहाँ है?"

"आपको बचा रहा था."

"और मरीज़ को कौन बचाएगा, हीरो?"

तसाच मेट्रनबाईंकडे गेलो, फॉर्म दिला, लपवला होता हेही सांगितलं. उद्यापासून सुई देण्याआधी प्रत्येकाला वडिलांचंही नाव विचारायचं ठरलं. त्या फॉर्ममुळेच.

मग मेट्रनबाईंनी माझ्या चुकीचाही फॉर्म भरायला लावला. सगळं खरं लिहिलं. फक्त 'कारण' या रकान्यापाशी हात अडला. सरिता समोरच उभी होती. तो कोराच ठेवला.